शाम्पूतल्या पाण्याची बातमी

एका गावात एक भोळा बातमीदार होता. नाव भालचंद्र उमराणीकर. गाव त्यांना भालूकाका म्हणे. तीस वर्षं ते तालुक्याच्या दैनिकाला बातम्या देत होते, आणि तीसही वर्षं कुणावर ना कुणावर संतापलेले होते.

दिवाळीला तीन दिवस राहिले होते. लेक वसुधा आणि जावई पहिल्या दिवाळसणाला यायचे होते. इंदूकाकूंनी नवऱ्याला समोर बसवलं.

"जावईबापू अबोल आहेत. लग्नात फोटोलासुद्धा हसले नाहीत. त्यांच्या मानपानात काही कमी पडलं, तर वसूला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. तेव्हा डोकं चालवू नका. मी सांगेन तेवढंच करा."

"तेवढंच करीन," काका म्हणाले. "तीस वर्षं बातमीदारी केली आहे. सांगितलेलं समजतं मला."

पहिलं काम शाम्पू आणायचं. दुकानात काकांनी चष्मा पुढे-मागे करत बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. आत काय काय आहे त्याची यादी होती. यादीत पहिलंच नाव पाण्याचं.

"पोपटशेठ!" काका कडाडले. "पाणी विकताय? बाटलीत भरून? आमच्या आडाला काय धाड भरली आहे?"

पोपटशेठ शांतपणे म्हणाले, "मग बिनपाण्याचं घ्या की, काका. ही शाम्पूची वडी. ही मंजनाची पूड. वडी दोन बाटल्यांइतकी पुरते. पाणी तुमच्या घरचं."

काकांना पटलं. ते पटण्यासारखंच होतं. त्यांनी डझनभर वड्या आणि मंजनाचा एक डबा घेतला आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "यात थेंबभर पाणी नाही!"

घरी येऊन त्यांनी वडी वापरून पाहिली. बिनपाण्याची म्हणजे बिनपाण्याची. कोरड्या डोक्यावर अर्धा तास घासली. टक्कल लाल झालं, आणि कडेचे उरलेसुरले केस न सोललेल्या नारळासारखे उभे राहिले.

"अहो, हे काय?" इंदूकाकू म्हणाल्या. "वडी सुकी असते, डोकं सुकं ठेवायचं नसतं! आधी भरपूर भिजवायचं असतं. समजलं?"

"समजलं. आधी भरपूर भिजवायचं. पक्कं."

दुसऱ्या दिवशी मंजनाची पाळी. काकांनी अख्खा डबा पातेल्यात उपडा केला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी काकूंनी ताट काढलं, तर आत काळा चिखल.

"अहो, मंजन का भिजत घालतात? ते काय साबुदाणे आहेत? चिमूटभर घ्यायचं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं, आणि बोटाने लावायचं. समजलं?"

"समजलं. हरभऱ्याएवढं घ्यायचं, बोटाने लावायचं. पक्कं."

तिसऱ्या दिवशी लेक-जावई आले. पानं मांडली. काकू चुलीपाशी गुंतल्या होत्या. त्यांनी आतून हाक दिली, "अहो, जावईबापूंना शिरा वाढा!"

काकांनी पातेल्यातून हरभऱ्याएवढा शिरा उचलला आणि ताटाच्या कडेला बोटाने लावला.

जावईबापूंनी त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"बाबा, अहो काय हे!" वसुधा कुजबुजली.

काकूंनी काकांना ओढतच आत नेलं. "पोरीचा संसार मोडायचाय का? जावयाला देताना हात आखडायचा नाही! आहे ते सगळं द्यायचं. आणि ते नको नको म्हणाले, तरी थांबायचं नाही. समजलं?"

"समजलं. आहे ते सगळं द्यायचं. नको म्हटलं की आणखी. पक्कं."

"देवा," काकू म्हणाल्या. "आता एकच काम करा. उद्या पहाटे जावईबापूंची आंघोळ. उटणं मी लावते. तुम्ही फक्त शाम्पूचं बघा."

काकांनी प्रथमच डोकं चालवलं नाही. काकूंनी सांगितलेलंच सारं एकत्र आठवलं. आधी भरपूर भिजवायचं. हात आखडायचा नाही. आहे ते सगळं द्यायचं. परसात गल्लीतल्या पाच घरांना मिळून वापरायच्या पाण्याची टाकी होती. काकांनी उरलेल्या अकराही वड्या किसणीवर किसल्या, टाकीत सोडल्या आणि बांबूने ढवळल्या. मग समाधानाने झोपले.

पहाटे फटाके वाजत होते. बंबाच्या तोंडातून फेस येत होता. काकांनी जावयाच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला.

"बाबा, डोळे!" जावईबापू म्हणाले. "नको!"

काकांनी दुसरा ओतला.

"नको हो, पुरे!"

काकांनी बादलीच उपडी केली. ओवाळायला आलेल्या काकूंना पाटावर जावई दिसेना. फेसाचा एक ढीग बसला होता, आणि आतून "नको, नको" ऐकू येत होतं.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. पाचही घरांची माणसं पांढऱ्या डोक्यांनी दारात उभी. "नळाला फेस येतोय! कितीही ओता, साबण निघतच नाही!"

जावयाच्या फेसाचं काकांना काही वाटलं नाही. तो त्यांनीच घातला होता. पण शेजाऱ्यांच्या पाण्यात शाम्पू? काकांचं रक्त उसळलं.

"परवा शाम्पूत पाणी होतं, आज पाण्यात शाम्पू! सोडणार नाही!"

त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर बातमी लिहून धाडली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर आली. जावईबापूंनी अंक उचलला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ऐन दिवाळीत पाच घरांच्या टाकीत शाम्पू. हा उपद्व्याप करणाऱ्या महामूर्खाचं नाव जनतेला कळलंच पाहिजे…"

ते थांबले. त्यांनी बातमीच्या वरच्या ओळीकडे पाहिलं, आणि आयुष्यात हसले नव्हते तेवढे हसले. हसता हसता पाटावरून घसरले. वसुधाही हसली, आणि काकूंचा चार दिवसांचा कोंडलेला श्वास सुटला.

"काय झालं?" काका म्हणाले. "नाव कळलं की काय?"

"बातमीच्या डोक्यावरच छापलंय, बाबा. ठळक."

काकांनी चष्मा लावला. 'भालचंद्र उमराणीकर यांजकडून.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग छाती फुगवून काकूंकडे वळले.

"बघ! एका दिवसात नाव छापायला लावलं की नाही?"