फोटोतलं पिल्लू

"पिल्लू आलं होतं! या बिरूनंच हाकललं त्याला!" रणधीरराजे सिंहासनावरून असे गरजले की मांडीवरचा मोबाइल धाडकन गालिच्यावर पडला.

राजा आणि मोबाइल? हो मग! राजाला हौस नसते का? एकदा फोन हातात आला की राजा काय आणि आपण काय, अंगठा सारखाच वर-खाली! तर राजांना दिसली एक जाहिरात. बदामी रंगाचं, लोण्याच्या गोळ्यासारखं कुत्र्याचं पिल्लू, एक कान काळा, आणि खाली लिहिलेलं, 'शेवटचं एकच शिल्लक!' झालं, राजे विरघळले!

आधी बुकिंगचे पैसे गेले. मग लसीचे. मग गारेगार पिंजऱ्याचे. मग विकणाऱ्याचा मेसेज, 'सर, पिल्लू विमानतळावर फार रडतंय, समजूत घालायला माणूस लावावा लागेल.' राजांनी त्याचेही पाठवले! आणि आज सकाळी शेवटचा मेसेज, 'सर, पिल्लू पोचवलं होतं. तुमच्या दारावरच्या माणसानं हाकललं.' त्यानंतर तो नंबर जो बंद झाला, तो बंदच.

दारावरचा माणूस म्हणजे बिरू धनगर. बिचारा हात जोडून उभा. "देवाशपथ महाराज, दारात मांजरसुद्धा आलं नाही!"

दिवाणजी हळूच म्हणाले, "महाराज, फसवणूक तर नसेल? न बघता पैसे..."

"आम्हाला फसवणारा अजून जन्मायचाय! आणि न बघता कसं? फोटो बघितला की! आमच्या घराण्यात सुनासुद्धा फोटो बघूनच आणतात!"

पडद्याआडून राणीसाहेब अशा काही खाकरल्या की राजांनी घाईघाईनं विषय बदलला.

"बिरू! आठ दिवसांत फोटोतलं पिल्लू इथं हजर कर. हेच! दुसरं चालणार नाही. नाहीतर नोकरी गेली आणि देवडीतली खोलीपण!"

बिरूची लेक म्हाळसा बापाची भाकरी घेऊन आली होती, ती खांबापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. आबांचा चेहरा पार उतरला होता. पण गप्प बसेल ती म्हाळसा कसली! सरळ पुढं आली.

"महाराज, फोटो बघू की जरा!"

राजे खूश! नातवाचा फोटो दाखवावा तसा त्यांनी फोन पुढं केला. म्हाळसानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडं सरकवला, तिकडं सरकवला, आणि एका कोपऱ्यात तिची नजर अडकली. हसू लपवायला तिनं पदर तोंडाला लावला.

"आणते महाराज. हेच आणते. पण आणल्यावर नको म्हणायचं नाही हं!"

"राजाचा शब्द!"

बाहेर आल्या आल्या बिरूनं कपाळाला हात लावला. "अगं ए शहाणे! कुठनं आणणार?"

"आबा, आपल्यात पिल्लू घेताना आधी काय बघतात?"

"त्याची आई. आई बघितल्याबिगर पिल्लू घेतोय कोण?"

"मग याची आई कुणी बघितली?"

बिरूचा आ वासला. "म्हणजे... पिल्लूच नव्हतं?"

"तेच तर! पण हे महाराजांना सांगायची सोय आहे का? ते महाराजांनीच म्हणायला पाहिजे."

मग म्हाळसा निघाली. सात दिवस धनगरवाड्यांवर पायपीट केली, कुत्र्यांचे कान बघत बघत!

आठव्या दिवशी दरबार खचाखच भरला. म्हाळसा आली ती दोरी धरून. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा कुत्रा. चार पावलं चालला की बसायचा, बसला की धापा टाकायचा. सिंहासनापर्यंत पोचायलाच त्याला तीन मुक्काम लागले!

"हे काय आणलंस, पोरी?"

"महाराजांचं पिल्लू!"

"हे पिल्लू? याला दात तरी आहेत का?"

"चार आहेत, महाराज. मोजलेत मी."

दरबारात खसखस पिकली. राजे लालबुंद! "थट्टा करतेस आमची?"

"नाही हो, महाराज! रंग बदामी आहे ना?"

"आहे."

"एक कान काळा?"

"आहे, पण..."

"मग झालं की!"

"अगं, पण हे म्हातारं आहे!"

"महाराज, फोटो जरा मोठा करा. पिल्लाच्या मागं भिंत, भिंतीवर कॅलेंडर. साल वाचा बरं!"

राजांनी डोळे बारीक केले. ओठ हलले. "अरेच्चा! हे तर बारा वर्षांपूर्वीचं!"

"बघा! बारा वर्षांत तुम्ही युवराजांचे महाराज झालात, आणि पिल्लानं मात्र पिल्लूच राहायचं होय?"

"ते काही नाही! फोटोतलं कुत्रं हे नव्हेच!"

"बरं, नव्हे." म्हाळसानं कंबरेवर हात ठेवला. "हे तेच असेल, तर पिल्लू पोचलं, आबा सुटले. आणि हे ते नसेल, तर बारा वर्षांपूर्वीचं पिल्लू आज पिल्लू म्हणून जगात कुठंच नाही. मग आबांनी दारातून हाकललं कुणाला?"

राजांनी एकदा फोटो बघितला, एकदा कुत्रं बघितलं. तेवढ्यात म्हातारबुवांनी मोठ्ठी जांभई दिली आणि राजांच्या पावलावर हनुवटी टेकून डोळे मिटले.

पहिलं हसू फुटलं ते पडद्याआड. मग दिवाणजींचं. आणि मग राजे असे हसले, असे हसले की मुकुट कानावर आला!

"फसलो गं, पोरी! चांगले चार वेळा पैसे देऊन फसलो!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून म्हाळसाच्या ओंजळीत टाकलं. बिरूला भरजरी पागोटं बांधलं आणि देवडीतली खोली कायमची त्याच्या नावावर करून दिली.

"आणि याचं काय करायचं, महाराज?" दिवाणजींनी पायाशी घोरणाऱ्याकडं बोट दाखवलं.

"हळू बोला!" राजे कुजबुजले. "आत्ता कुठं डोळा लागलाय पिल्लाचा."