अंतर सारखंच

"लॉजपासून घर जेवढं लांब, तेवढाच घरापासून लॉज लांब. मग बुवा, पहिली पायरी मीच का चढायची?"

एवढं विचारून हेरंब मठाच्या ओसरीवर खांबाला टेकला. न्यूयॉर्कहून मुंबई, मुंबईहून हे गाव. डोळ्याला डोळा लागला नव्हता. बूट काढले तर पाय टम्म फुगलेले. सुंभ जळला होता, पीळ तेवढा शाबूत होता.

गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हा तो विमानात होता. थोरल्या भावानं वाट पाहिली नाही. हा पोचला तोवर चितेची राख निवलेली. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही. उद्या वडिलांचं वर्षश्राद्ध, आणि धाकटा मुलगा उतरलाय स्टँडजवळच्या लॉजवर.

मठाचे रामगिरबुवा गुडघ्यांवर हात टेकत उठले, चुलीवरचं कढत पाणी घमेल्यात ओतलं, विसण घातलं, मूठभर मीठ टाकलं. मग खाली बसून हेरंबचे पाय स्वतःच्या हातांनी उचलून त्या पाण्यात ठेवले.

"अहो बुवा... तुम्ही माझे पाय..."

"गप बस. दमलायस."

खरंच दमला होता. डोळे भरून आले, आणि त्याचा त्याला रागही आला.

"काल तुझा दादा येऊन गेला," बुवा म्हणाले.

"काय म्हणाला?"

"अंतर सारखंच आहे, म्हणाला."

हेरंबनं पाण्यात पायावर पाय घासला.

"तीन वर्षं बाबांचं अंथरुणावरचं सगळं त्यानं केलं, नाही म्हणत नाही मी. रात्रीची झोप नाही, दिवसाची उसंत नाही. पण एक दिवस थांबला असता, तर काय बिघडलं असतं?"

बुवांनी घमेल्यात आणखी थोडं गरम पाणी ओतलं.

"विमानाला किती वेळ लागतो रे?"

"येताना चौदा-पंधरा तास. परत जाताना तास-दीड तास जास्तच."

"का? जाताना वाट लांबते?"

"वाट तेवढीच असते, बुवा." विमानाच्या गोष्टी सांगताना परदेशातल्या माणसाचा आवाज आपोआप भारदस्त होतो, तसा त्याचाही झाला. "वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. इकडे येताना तो पाठीशी असतो, विमानाला पुढं ढकलतो. जाताना तोच तोंडावर येतो. त्यामुळं अंतर सारखं असलं, तरी..."

तो थांबला.

बुवांनी पंच्यानं त्याचे पाय पुसले. बूट उचलले आणि ओसरीखाली, फाटकाकडं तोंड करून ठेवले.

"मीही दमलोय, बुवा," हेरंब पुटपुटला.

"दोघंही दमलात रे..." बुवा घमेलं उचलत म्हणाले. "ज्याच्या पाठीला वारा, त्यानं आधी निघावं."