दरोडेखोराच्या आईला निरोप

"मग माझं व्रत मोडलं की नाही? तेवढं सांगा, सर."

शार्दूल वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता, त्यामुळे खेळातही खटला चालवल्यासारखा बोलायचा. दर रविवारी दुपारी हेरवाडकर सरांच्या घरी आम्ही चौघं जमायचो. टेबलावर नकाशा, हातात फासे आणि रचत जायच्या गोष्टीतलं प्रत्येकाचं एकेक पात्र. उरलेलं सगळं जग सर व्हायचे... राजे, दरोडेखोर, म्हशीसुद्धा.

शार्दूलचं पात्र म्हणजे व्रतस्थ योद्धा. शरण आलेल्याला मारायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. यातलं एक जरी मोडलं, तर देवीने दिलेली तलवार परत जाणार. दोन वर्षं जपली होती त्याने ती. आणि आज त्याने विहिरीवर एका दरोडेखोराला ठार केलं होतं.

"त्याने एका पोरीच्या मानेवर कोयता धरला होता," शार्दूल म्हणाला. "मी दोनदा बजावलं. तो शरण आला नाही."

"खरं आहे."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"बरोबर होतास. व्रत शाबूत आहे."

शार्दूलने आमच्याकडे असं पाहिलं, जसं काही आम्हीच फिर्यादी होतो. "मग चला पुढे."

"पुढे त्याचं घर आहे," सर म्हणाले.

सरांच्या टेबलावर एक रीत होती. ज्याने माणूस मारला, त्यानेच त्याच्या घरी निरोप न्यायचा. शार्दूलने आजवर राक्षसच मारलेले, म्हणून त्याच्यावर ही पाळी आली नव्हती.

"पण चूक माझी नाही ना, सर. मी का जायचं?"

"चूक असती, तर शिक्षा भोगून सुटला असतास."

सरांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला. सत्तरीचा, दाढी वाढलेला माणूस, पण आमच्यापैकी कुणालाच हसू आलं नाही. समोर त्या दरोडेखोराची आई बसली होती.

"कोण रं बाबा?"

"मी... तुमच्या मुलाचा निरोप आणलाय," शार्दूल म्हणाला. "तो विहिरीवर मेला. मीच मारलं त्याला. तो एका पोरीचा गळा कापणार होता, आजी."

म्हातारीने डोक्यावरचा पंचा पुढे ओढला.

"कापला असता त्यानं," ती म्हणाली. "माझंच लेकरू. मला ठावं हाय..."

मग तिने विचारलं, "लई लागलं का रं त्याला?"

लागलं होतं. तीन घाव बसले होते. तिन्ही वेळा फासा टाकून शार्दूलने ते रंगवून सांगितले होते आणि आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटली.

"नाही," शार्दूल म्हणाला. "एका घावात गेला, आजी. त्याला कळलंसुद्धा नाही."

म्हातारीने त्याच्या हातावर हात ठेवला...

थोड्या वेळाने शार्दूलने खोडरबर ओढलं आणि आपल्या पात्राच्या कागदावर लिहिलेली तलवार खोडायला घेतली. डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत.

"आता मोडलं, सर. खोटं बोललो मी."

"हो, मोडलं."

सरांनी डोक्यावरचा पंचा काढला आणि त्याच्या हातातलं खोडरबर हळूच काढून घेतलं.

"आता तुझ्या हाती तलवार द्यायला मला भीती वाटत नाही."