भोपळ्यावर शिकलेला फेटा

एका गावात एक पाटील होता. तो वळणावरून यायला लागला की आधी त्याचं पोट दिसायचं, मग मिशा, आणि बऱ्याच वेळानं पाटील.

त्या राज्यात एक भारी रीत होती. दर बारा वर्षांनी राजाचा कारभारी गावात केशरी फेटा घेऊन यायचा आणि गावाच्या उपयोगी पडलेल्या एका माणसाला बांधायचा. टाळ्या नाहीत, भाषणं नाहीत. सगळ्यांनी मांडवात खाली बसायचं. कारभारी नाव पुकारायचा आणि म्हणायचा, "ह्याचा ज्याला ज्याला उपयोग झाला, त्यानं उभं राहा." बस्स, उभं राहायचं. तोच मान.

मागच्या खेपेला फेटा पंतोजींना मिळाला होता. तेव्हा सगळ्यात आधी कोण उभं राहिलं, तर ज्यांनी सगळ्यात जास्त छड्या खाल्ल्या होत्या ती कार्टी! तो फेटा अजून शाळेत खुंटीला आहे. परीक्षेच्या दिवशी पोरं त्याला हात लावून मगच पाटी धरतात.

एकच अट होती. सूर्य बुडायच्या आत फेटा बांधला गेला पाहिजे. नाहीतर तो शेजारच्या गावाला जाणार, आणि ती माणसं पुढची बारा वर्षं चिडवून चिडवून जीव घेणार.

आपल्या पाटलाला हा फेटा हवा होता. इतका हवा होता की कारभाऱ्यानं वेडावाकडा बांधला तर काय, म्हणून तो स्वतःच बांधायला शिकला. कशावर? स्वयंपाकघरातल्या मोठ्या भोपळ्यावर. महिनाभर रोज बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा.

पाटलीणबाई म्हणायच्या, "अहो, भाजी कधी करू त्याची?"

"थांब गं, तुरा अजून डावीकडं पडतोय."

"पडू दे. तरी तुमच्यापेक्षा भोपळाच देखणा दिसतोय."

आणि चावडीवर गावानं नाव ठरवलं ते ठकूआजीचं! ठकूआजी म्हणजे गावची सुईण. साठ वर्षं तिनं गावातली बाळंतपणं केली होती. वर ताप उतरवणं, मोडलेली हाडं बसवणं चालूच.

पाटील फणफणला. "बाईमाणसाला फेटा? कधी ऐकलंय का?"

पंतोजींनी शांतपणे विचारलं, "का? तिला डोकं नाही का?"

सगळी चावडी हसली. पाटील आतून धुमसत राहिला.

फेट्याचा दिवस उजाडला. मैदानात मांडव पडला. कारभारी आला, गाव जमलं, ऊन कलायला लागलं, पण ठकूआजीचा पत्ता नाही. शेवटी डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक धनगर धापा टाकत आला.

"आजी सकाळपास्नं आमच्याकडं हाय. पोर पायाळू येतंय. निरोप दिलाय, माझी वाट बघू नका, फेटा भोपळ्याला बांधा!"

भोपळ्याची गोष्ट गावभर झालेली. सगळ्यांनी एकदम पाटलाकडं बघितलं आणि मांडवात खसखस पिकली.

पाटलानं मात्र संधी साधली. तो उठला, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "वेळ निघून चाललाय. गावाची लाज मी राखतो." आणि बसला की जाऊन मानाच्या पाटावर!

कारभाऱ्यानं फेटा त्याच्या मांडीवर ठेवला आणि पुकारलं, "पाटील! ह्यांचा ज्याला ज्याला उपयोग झाला, त्यानं उभं राहा."

कुणी हललं नाही.

पाटलाचा गडी अर्धवट उठला. आपण एकटेच आहोत हे बघून त्यानं धोतर नीट केल्यासारखं केलं आणि परत बसला. पाटलानं बायकोकडं बघितलं. पाटलीणबाई मांडवाच्या छताला किती झावळ्या आहेत ते मोजत होत्या.

पाटलाचे कान तापले. "असं होय!" तो ओरडला. "मग घ्या त्या म्हातारीचं नाव. बघू किती उठतात!"

कारभाऱ्यानं पुकारलं, "ठकूआजी!"

मैदानात वाऱ्यासारखा सळसळ आवाज झाला. म्हातारे काठ्या टेकत उठले. बायांनी कडेवरची पोरं वर उचलली. लंगडा सुतार उठला, पंतोजी उठले, पाटलीणबाई तर सगळ्यांच्या आधी. खाली बसलेलं एक माणूस राहिलं नाही.

पाटील टकामका बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की सगळ्यांची डोकी आपल्या डोक्याच्या बरोबरीला दिसतायत. म्हणजे? म्हणजे तोही उभा होता! गुडघे त्याला न विचारताच उठले होते. त्याची आई सांगायची ते त्याला आठवलं. तो जन्मला तेव्हा निळा पडला होता, रडतच नव्हता. ठकूआजीनं त्याला उलटं धरून असा फटका दिला की रडणं तीन गल्ल्या पलीकडं ऐकू गेलं.

सूर्य डोंगराच्या वर वीतभर उरला होता. कारभारी म्हणाला, "मान तिचाच. पण ती इथं नाही. रीत म्हणजे रीत. फेटा शेजारच्या गावाला जाईल." त्यानं पाटलाच्या हातातल्या फेट्याला हात घातला.

पाटलानं तो हिसकावला.

"ओ पाटील! फेटा पळवताय काय?" कारभारी ओरडला.

"व्हय, पळवतोय! डोंगरावर पळवतोय! यायचं तर या!"

आणि पाटील सुटला. पुढं पोट, मागं पाटील, त्याच्यामागं अख्खं गाव. पहिल्याच चढाला त्याचा एक जोडा निसटला, दुसरा त्यानंच फेकून दिला. दोनदा आपटला, पण दोन्ही वेळा फेटा हातात वर धरला, जमिनीला लागू दिला नाही.

वर धनगराच्या झोपडीबाहेर ठकूआजी दगडावर बसून हात धूत होती. एवढा लोंढा बघून तिनं डोळे वटारले.

"गप! कुणी आवाज केला तर परत उलटं धरीन एकेकाला. बाळ-बाळंतीण आत्ता कुठं निजलीत."

सगळे चिडीचूप. मागून कारभारी आला. दोघांनी त्याला खांद्याला धरून आणला होता आणि त्याचे हात लटलट कापत होते.

"मला काही बांधणं जमायचं नाही," तो कुजबुजला. "बांधता कुणाला येतो?"

पाटलीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना येतो. महिनाभर शिकलेत."

पाटील पुढं झाला. आजीच्या पांढऱ्या केसांवर त्यानं एकेक पेच बसवला. हात अडखळला नाही.

आजी पुटपुटली, "हळू रं ठोंब्या. भोपळा न्हाय ह्यो."

तुरा एकदम सरळ आला. पण कारभाऱ्याचं डोकं रीतीत अडकलेलं. "आजीच्या देखत परत पुकारायला हवं, आणि सगळे आधीच उभे आहेत. मग उभं राहिलं कोण, हे मी कसं धरू?"

"बसा रं सगळे!" पाटील कुजबुजला.

मग काय, बसलं गाव. कुणी काट्यांवर, कुणी शेळ्यांच्या लेंड्यांवर. कारभाऱ्यानं अगदी हळू नाव घेतलं. आणि त्या डोंगरावर अख्खं गाव एक आवाज न करता उभं राहिलं. सगळ्यात आधी पाटील. झोपडीत बाळंतीण जागी झाली होती. तिला उठता येईना, म्हणून तिनं बाळाला दोन्ही हातांवर थोडंसं वर उचललं. कारभाऱ्यानं दारातून ते बघितलं आणि मान डोलावली. सूर्य बुडाला.

आजीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"ही एवढी सगळी माझ्या हातची?"

"व्हय, आजी," पाटील म्हणाला.

"बरं दिसतंय की रं गाव."

दुसऱ्या दिवसापासून पाटलाचा घोडा ठकूआजीच्या दारात बांधलेला असायचा. कुठल्याही वाडीवरून बोलावणं आलं तरी आजीला चालत जावं लागलं नाही. आणि त्याच दिवशी पाटलाच्या घरी एकदाची भोपळ्याची भाजी झाली.

तात्पर्य: मानाचं माणूस मांडवात आलं नाही, तर ते कुणाच्या तरी कामात आहे असं समजावं, आणि मान घेऊन आपणच तिथवर पळावं. पोट कितीही आडवं आलं तरी.