लहानूने दोन सण गाठले

निंबगव्हाण गावात पिठाच्या गिरणीवर काम करणारा एक भोळा माणूस राहायचा. त्याचं नाव लहानू. त्याला सांगितलेली गोष्ट तो कधीही विसरायचा नाही. गावातले लोक म्हणायचे, विसरला असता तर बरं झालं असतं.

लहानूची बायको गोदा हुशार होती. मुलगी पमी आईवर गेली होती. म्हणून घर चाललं होतं.

तालुक्याच्या गावाबाहेर मौजनगरी नावाची मोठी बाग होती. दिवाळीत तिथे टेकडीएवढा किल्ला करत आणि झाडाझाडाला आकाशकंदील टांगत. नाताळात दिव्यांचं उंच झाड उभं करत आणि पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा गोळ्या वाटत फिरायचा. बागेच्या मधोमध लाकडी घोडे होते. ते बारा महिने गोल गोल फिरायचे.

पमीला कंदील बघायचे होते. झाडही बघायचं होतं. आणि दोन्ही घोड्यावर बसून बघायचं होतं.

पण घोड्यांच्या दाराशी भिंतीवर एक लाल पट्टी होती. पट्टीच्या वर डोकं गेलं की घोड्यावर बसू देत नसत. गोदाचा भाऊ तिथे जाऊन आला होता. पट्टी त्याच्या कमरेच्या जरा वर येत होती. त्याने पमीला आपल्या शेजारी उभं करून पाहिलं आणि म्हणाला, "बोटभर उरलंय. बसायचं तर यंदाच. पुढच्या वर्षी पोरगी घोड्याचं शेपूटसुद्धा धरू शकणार नाही."

पमीचं तोंड एवढंसं झालं.

लहानू लगेच उठला. त्याने पमीला अंगणातून उचलून घरात आणलं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं.

"हे काय हो?" गोदाने विचारलं.

"उन्हात रोपं वाढतात," लहानू म्हणाला.

"अहो, पोरगी आहे ती. वांग्याचं रोप नाही."

मग गोदानेच डोकं चालवलं. दिवाळीला एकदा आणि नाताळाला एकदा अशा दोन फेऱ्या त्यांना परवडायच्या नाहीत. तिने इकडेतिकडे चौकशी केली. कळलं ते असं. मौजनगरीतले कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत असतात. लग्न लागलं की दिवाळी संपली. मग लगेच कंदील उतरवतात. आणि मौजनगरीवाले हौशी. नाताळ लांब असला तरी त्याचं झाड ते आधीच उभं करतात.

"म्हणजे मधला सांधा गाठायचा," गोदा म्हणाली. "एक जायच्या आत आणि दुसरं आल्यावर. कळलं ना? तुम्ही गिरणीच्या सुट्टीला जाऊन झाड उभं राहिलंय का तेवढं बघून या. बाहेरून बघायला तिकीट लागत नाही."

"एक जायच्या आत आणि दुसरं आल्यावर," लहानू म्हणाला. "बरं. तसंच करीन."

सुट्टीच्या दिवशी तो एस.टी. स्टँडवर गेला. मौजनगरीची गाडी उभीच होती.

"चला, बसा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"दुसरी आली का?" लहानूने विचारलं.

"दुसरी कशाला? ही आहे ना."

"दुसरी आल्यावर. आणि ही जायच्या आत."

कंडक्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि घंटी मारली. गाडी हलली. तेवढ्यात दुसरी गाडी आत शिरली. लहानूला आनंद झाला. तो धावत जाऊन दोन्ही गाड्यांच्या बरोबर मधे उभा राहिला. दोन्ही ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. दोघांनी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. मग एक गाडी एका बाजूने गेली आणि दुसरी दुसऱ्या बाजूने. लहानू मधला सांधा गाठून तिथेच उभा होता.

त्याने घरी येऊन हे सांगितल्यावर गोदाने कपाळाला हात लावला. "अहो, गाडीला कसला सांधा? दार उघडं दिसलं की आत शिरायचं. रिकामी जागा दिसली की बसायचं. बाकी विचार करायचा नाही."

"बरं," लहानू म्हणाला. "आता तसंच करीन."

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा निघाला. स्टँडच्या अलीकडेच एक घर होतं. दारात रांगोळी होती. दार उघडं होतं. लहानू आत शिरला. बैठकीत एका खुर्चीवर नवी चादर घातली होती. जागा रिकामी होती. लहानू बसला.

घरातले लोक पाहुण्यांचीच वाट बघत होते. त्यांच्या मुलीला बघायला माणसं येणार होती.

"या, या!" घरचे काका म्हणाले. "एकटेच पुढे आलात? मुलाचे आपण कोण?"

"मुलगा नाही," लहानू म्हणाला. "मुलगी आहे."

"मुलगी तर आमच्याकडे आहे."

"तुमच्याकडे? सकाळी तर घरी होती!"

काका जरा गोंधळले. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली. लहानूने खाल्ले. चांगले झाले होते. त्याने तसं सांगितलं.

"आमच्या मुलीनेच केलेत," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे उंचीचं कसं काय? काही अट?"

"तेवढीच तर अट आहे," लहानू म्हणाला. "बोटभर उरलंय. त्याच्यावर गेली तर घोड्यावर बसता येणार नाही."

"घोड्यावर मुलगा बसतो हो!"

"कमरेच्या वर गेलेल्याला नाही बसू देत."

एवढ्यात खरे पाहुणे दारात आले. पुढे काय झालं ते लहानूने घरी नीट सांगितलं नाही. फक्त त्याची टोपी परत आली नाही.

"अहो, असं कुणाच्याही घरात शिरतात का?" गोदा म्हणाली. "आधी दाराबाहेर उभं राहावं. 'आमचं इथे काही काम आहे का' असं विचारावं. नाही म्हणाले तर मुकाट्याने मागे फिरावं."

"बरं," लहानू म्हणाला. "आता तसंच करीन."

तिसऱ्या खेपेला तो खरंच मौजनगरीच्या फाटकाशी पोहोचला. फाटकाबाहेर उभा राहिला. पहारेकऱ्याला नमस्कार केला.

"आमचं इथे काही काम आहे का?"

पहारेकऱ्याने त्याचे पिठाने पांढरे झालेले हात बघितले. "नाही रे बाबा. माणसं भरलीत. पुढच्या वर्षी ये."

लहानू मुकाट्याने मागे फिरला.

"पुढच्या वर्षी या म्हणाले," त्याने घरी सांगितलं.

पमी रडायलाच लागली. गोदाने विचारलं, "अहो, पण झाड? झाड दिसलं का?"

"दिसलं की. केवढं मोठं! दिवे पण लावत होते."

"मग तेच तर बघायला पाठवलं होतं!" गोदा टाळी वाजवून म्हणाली. "उद्या मौजनगरीत तुळशीचं लग्न आहे. कंदील उद्यापर्यंतच. उद्याच जायचं. आता तुम्ही कुणाला काही विचारू नका. नुसते माझ्या मागे या."

दुसऱ्या दिवशी तिघं गेली. लहानू नुसता मागे होता, म्हणून वाटेत काही झालं नाही.

मौजनगरीत पाऊल टाकलं आणि पमी उभीच राहिली. एकीकडे किल्ला, कंदीलच कंदील. दुसरीकडे आभाळाला टेकलेलं दिव्यांचं झाड. नाताळबाबा घंटा वाजवत फिरत होता. तो बागेतलाच एक म्हातारा नोकर होता. दाढीत त्याला फार उकडत होतं.

पण घोड्यांपुढे ही मोठी रांग. आणि शेजारच्या ओट्यावर तुळशीच्या लग्नाची तयारी झालेली. उसाचा मांडव होता. तुळशीसमोर पाट मांडला होता आणि पाटावर बाळकृष्णाची छोटी मूर्ती होती. कंदील उतरवणारी माणसं शिड्या लावून तयार होती. घोडेवाला ओरडून सांगत होता, "लग्न लागलं की घोडे बंद! मग सगळ्यांनी प्रसादाला चला!"

गोदाने रांग बघितली. ओटा बघितला. मग नवऱ्याला म्हणाली, "नीट ऐका. मी पमीला घेऊन रांगेत राहते. तुम्ही ओट्याजवळ थांबा. आमची पमी घोड्यावरून फिरून उतरेपर्यंत हे लग्न लागता कामा नये. गुरुजींशी गोड बोला, वेळ काढा. काम झालं की मी हाक मारीन."

"बरं," लहानू म्हणाला. "तसंच करीन."

लहानू ओट्याजवळ गेला. त्याने विचार केला. नवराच नसेल तर लग्न कसं लागेल? कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने बाळकृष्ण उचलला आणि आपल्या खिशात ठेवला. अगदी हळू, देवाला लागू नये म्हणून.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "कुणीतरी अंतरपाट धरा हो."

"मी धरतो," लहानू म्हणाला. अंतरपाट लहान होता, एकट्याला दोन हातांनी धरता येईल एवढा. त्याने तो तुळस आणि पाट यांच्यामधे घट्ट ताणला. गुरुजी तुळशीच्या बाजूला होते. त्यांना पाट दिसेना.

नवरा खिशात, पडदा हातात. लहानू निश्चिंत झाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. लोकांनी अक्षता घेतल्या. शेवटचं मंगलाष्टक झालं. "शुभमंगल सावधान!" गुरुजी म्हणाले. "हं, काढा अंतरपाट."

"अजून एक म्हणा की," लहानू गोड बोलला. "तुमचा आवाज काय सुंदर आहे!"

गुरुजी खूश झाले. त्यांनी अजून एक म्हटलं. "आता काढा."

"अजून एक. तुळशीच्या माहेरची माणसं यायचीत."

"तुळशीचं माहेर? कुठलं हो?"

"रोपवाटिका," लहानू म्हणाला.

लोक हसले. गुरुजींनी आणखी एक म्हटलं. मग येत होती ती सगळी म्हटली. मग आठवून आठवून म्हटली. शेवटी स्वतःच्या मुलीच्या लग्नात तिच्या आत्याने रचलेलं म्हटलं, त्यात सगळ्या व्याह्यांची नावं होती. रांग हळूहळू सरकत होती. पमी पट्टीपाशी आली.

"गजरा लागतोय पट्टीला," घोडेवाला म्हणाला. "पोरगी मोठी झाली."

"गजरा मोठा झालाय," गोदा म्हणाली आणि तिने तो ओढून काढला. पमी श्वास रोखून उभी राहिली. पट्टी डोक्याला घासली, पण वरच राहिली.

"बस," घोडेवाला म्हणाला.

इकडे ओट्याभोवती गर्दी वाढली. हे लग्न लागत का नाही ते बघायला नाताळबाबाही आला. दिवसभर उभा राहून त्याचे पाय दुखत होते. तो इकडे तिकडे बघायला लागला. लहानूला त्याची दया आली.

"बाबा, रिकामी जागा दिसली की बसायचं," तो हळूच म्हणाला. "तो पाट रिकामाच आहे."

नाताळबाबा "हुश्श" करून पाटावर बसला. लोक आता 'सोड तो अंतरपाट' म्हणून लहानूशी भांडण्यात गुंतले होते. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

घोडे फिरायला लागले. पमी काळ्या घोड्यावर होती. एका बाजूने कंदील यायचे, दुसऱ्या बाजूने झाड यायचं. "आई, दोन्ही! आई, दोन्ही!" ती ओरडत होती. घोडे थांबले. पमी उतरली. गोदा टाचा उंच करून जोरात ओरडली, "अहो, झालं! पमी बसली! सोडा!"

लहानूला एवढा आनंद झाला की त्याने एकदम अंतरपाट सोडला.

लोक केव्हाचे टपून होते. मुठीमुठीने अक्षता पडल्या. ताशा वाजला. शिड्यांवरच्या माणसांनी फटाक्यांच्या माळा लावल्या. गुरुजींनी समाधानाने डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

पाटावर नाताळबाबा बसला होता. दाढीभर अक्षता होत्या. त्याने बसल्या बसल्या सगळ्यांना नमस्कार केला.

ताशा थांबला. गुरुजींचा घसा आधीच बसला होता, त्यामुळे त्यांना ओरडता येईना. गोदा गर्दीतून वाट काढत आली आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभी राहिली.

"अहो, काय केलंत हे! नाताळबाबाशी तुळशीचं लग्न लावलंत?"

लहानूने खिशातला बाळकृष्ण काढून बघितला. नाताळबाबाकडे बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"बरंच झालं की गोदे," तो म्हणाला. "आता सांधा गाठायची कटकटच नाही. नाताळबाबा घरचा जावई झाला. पुढच्या वर्षी त्याला पहिल्या दिवाळसणाला यावंच लागेल!"