पूल ओलांडला की विद्या संपते

दोन राज्यांमध्ये एक नदी होती. एकमेकांच्या तज्ज्ञांचे परवाने मानण्याचा करार सचिव दळवाईंच्या सहीसाठी वर्षानुवर्षं पडून होता. नदीच्या अलीकडच्या बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून पलीकडच्या वाचा व श्रवणतज्ज्ञ हेमांगी तेलवणे पुन्हा एकदा सचिवांपुढे येऊन बसल्या.

"पूल ओलांडला की तुमची विद्या संपली, बाई!" सचिव गुरकावले.

"बरं," हेमांगीबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मग कानातलं यंत्र काढून द्या, साहेब. दिवाळीत तुम्ही पलीकडे आला होतात, तेव्हा मीच ते बसवलं."

सचिवांचा हात झटकन कानावर गेला. "अहो, मग मला ऐकू कसं येणार?"

"इकडच्या मुलांचाही हाच प्रश्न आहे, साहेब. पण त्यांना अजून बोलता येत नाही."