पहिला घास परीक्षकाचा

एकदा एका घाटमाथ्यावरच्या पाठशाळेत एक वृद्ध ग्रंथपाल राहत होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचा विषय मोठा चमत्कारिक होता. हवी ती माहिती पुस्तकांतून कशी शोधावी, आणि सापडली की तिच्यावर कितपत विसंबावे, एवढेच ते शिकवीत. याला काय विषय म्हणायचे, असे पुष्कळांना वाटे. पाठशाळेला धान्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला तर हटकून वाटे.

गुरुजींचा एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, काम झपाट्याने उरकणारा, आणि आपण ते झपाट्याने उरकतो याचे स्वतःलाच कौतुक असणारा. गुरुजी आता थकले होते. ग्रंथशाळा या शिष्याच्या हाती द्यायची, असे जवळजवळ ठरले होते.

त्या वर्षी व्यापारी घाट चढून आला तो कपाळाला आठ्या घालूनच. हातात जांभळ्या देठाच्या एका पालेभाजीची जुडी होती.

"गुरुजी, गणिताच्या मुलाला गुणाकार घातला की त्याला काय येतं ते मला कळतं," तो म्हणाला. "तुमच्या मुलांना काय येतं, ते मी कसं ओळखायचं? घाटाखाली बैल पाण्यावर सोडले होते, तिथे ही भाजी उगवलेली दिसली. ही खाण्याजोगी आहे की नाही, हे मुलांनी पुस्तकांतून शोधून सांगावं. ज्यांना येईल त्यांचं जेवण माझ्याकडे. ज्यांना येणार नाही, ती उद्या माझ्याच गाडीतून घरी जातील."

मग शिष्याकडे वळून, खांद्यावरची शाल दाखवत तो म्हणाला, "परीक्षा तू घे. चोख घेतलीस, तर ही शाल तुझी आणि ग्रंथशाळाही तुझी."

गुरुजींनी शिष्याकडे रोखून पाहिले. शिष्याला ती नजर थोडी खटकली, पण शालीचा काठ भरजरी होता.

ग्रंथशाळेत वनस्पतींवरची पुस्तके तीनच. शिष्याने आधी स्वतः ती चाळली. तिन्हींत त्या भाजीचे चित्र होते आणि तिन्हींत लिहिले होते की घाटाखालचे लोक ती खातात. तीन पुस्तकांचे एकमत म्हटल्यावर आणखी काय हवे? उत्तर ठरले, खाण्याजोगी. त्याने मुलांना पुस्तके दिली, पाट्या दिल्या आणि बजावले, "शेवटची ओळ तेवढी स्वच्छ अक्षरात लिहा."

शेवटची ओळ का, तर वाचायला सोपी. व्यापारी दारात उभा राहून येरझारा घालू लागला होता, आणि पाट्या पुष्कळ होत्या. थोड्या वेळाने शिष्याने टाळी वाजवून सगळ्यांना पाट्या खाली ठेवायला लावल्या आणि तो भराभर ओळीने फिरू लागला. खाण्याजोगी, पूर्ण गुण. खाण्याजोगी, पूर्ण गुण. व्यापाऱ्याच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या.

शेवटी सगुणा बसली होती. धनगरवाड्यावरची मुलगी, बापाशी भांडून, रडून, दोन दिवस उपाशी राहून ती पाठशाळेत आली होती. तिची पाटी दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली होती आणि शेवटची ओळ होती, "खाण्याजोगी आहे की नाही, सांगता येत नाही."

"एवढा वेळ केलंस काय मग?" शिष्याने विचारले.

"दादा, वरचं वाचा ना."

दारात व्यापारी खाकरला. शिष्याने पाटीच्या कोपऱ्यात शून्य काढले. काढताना त्याच्या मनात काहीतरी टोचले, पण टोचलेले नीट पाहायला वेळ कुणाला होता?

"एकच नापास, छान," व्यापारी म्हणाला. "पोरी, सामान बांधून ठेव."

सगुणा रडली नाही. ती गेली आणि आपली गोधडी घडी करू लागली. उद्या ती घरी पोचली की परवापासून शेळ्यांमागे असणार, आणि पुस्तक पुन्हा तिच्या हाती लागायचे नाही, हे तिथल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते. कुणालाच तिच्याकडे बघवेना.

तेव्हा गुरुजी उठले. त्यांनी ती जुडी उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. थोड्याच वेळात लसणाच्या फोडणीचा वास आला. पंगत बसली, पाने वाढून झाली, आणि गुरुजी हातात एक लहान भांडे घेऊन बाहेर आले. त्यांनी ती भाजी एकट्या शिष्याच्या पानावर वाढली.

"पहिला घास परीक्षकाचा," ते म्हणाले. "मग बाकीच्यांना वाढतो."

व्यापारी हसला. "खा की. तीन पुस्तकांत लिहिलंय." पण बोलता बोलता त्याचेही हसू ओसरले, कारण गुरुजी हसत नव्हते.

शिष्याने भाजीकडे पाहिले. हिरवीगार, तेलाने चकाकणारी. त्याने घास केला, हात वर नेला, आणि हात तोंडाशी जाऊन थबकला.

"गुरुजी, ही खाण्याजोगी आहे ना? तुम्ही तर घाटाखालचे."

"आत्ता विचारतोस?" गुरुजी म्हणाले. "गुण देऊन झाले तुझे."

समोर मुले बसली होती, आपापल्या रिकाम्या वाटीकडे आणि त्याच्या हाताकडे आळीपाळीने बघत. ही पुस्तके कुणी लिहिली? लिहिणाऱ्याने ही भाजी कधी चाखली होती का? शिष्याला यातले काहीही ठाऊक नव्हते. तो घाबरला होता, अगदी मनापासून घाबरला होता. न खाल्ली तर शाल गेली आणि ग्रंथशाळाही गेली. खाल्ली तर त्याच्यामागून ही सगळी पोरे खाणार. त्याने घास पानावर ठेवला.

"गुरुजी, मला उठू द्या."

"भरल्या पानावरून?" व्यापारी कडाडला. "अन्नाचा अपमान करतोस?"

"ऊठ," गुरुजी शांतपणे म्हणाले.

शिष्य ग्रंथशाळेत गेला. या खेपेस त्याने तिन्ही पुस्तके शेजारी शेजारी मांडून वाचली. सर्वांत जुने एका प्रवाशाचे होते. त्यात लिहिले होते, "घाटाखालचे लोक ही भाजी खातात, असे वाटेत ऐकिले." पुढच्या दोघांनी हेच वाक्य जसेच्या तसे उचलले होते; ऐकल्याचा उल्लेख तेवढा गाळला होता. तीन साक्षीदार म्हणून ज्यांच्यावर तो विसंबला होता, तो निघाला एकच माणूस, आणि त्या माणसानेही भाजी खाल्लेली नव्हती.

मग त्याने सगुणाची पाटी उचलली आणि पहिल्या ओळीपासून वाचली. आता त्याने जे शोधून काढले होते, ते सारे तिथे आधीच लिहिलेले होते. लाजेने त्याचे कान तापले.

तो पंगतीत परतला, पण आपल्या पानावर बसला नाही.

"शेठजी," तो म्हणाला, "मुलांनी पुस्तकातलं वाक्य उतरवलं आणि मी त्याला गुण दिले. जिने पडताळून पाहिलं तिची पाटी मी वाचलीच नाही. उद्या गाडीतून कुणाला न्यायचंच असेल, तर मला न्या. ते शून्य माझं आहे."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, तोच गुरुजी खाली वाकले. त्यांनी शिष्याच्या पानावरचा तोच घास उचलला आणि तोंडात टाकला. मुलांनी श्वास रोखले. गुरुजींनी तो सावकाश चावला, गिळला आणि ते वर तांब्यातले पाणी प्यायले.

"आई दर पावसाळ्यात करायची," ते म्हणाले. "मीठ थोडं कमी पडलंय."

"म्हणजे उत्तर बरोबर होतं!" व्यापारी उसळून म्हणाला. "मग ही मुलगी नापासच की."

"उत्तर बरोबर होतं, शेठजी, पण ते बरोबर आहे हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आपण नवा गाडीवान पारखता तेव्हा गाडी एकदा घाटावर पोचली म्हणून त्याला ठेवून घेता का? कधी कधी बैलांनाच वाट पाठ असते. पुढच्या खेपेला याच रीतीने ही मुलं दुसरी एखादी भाजी शोधतील, तीही कुणीतरी ऐकीव लिहिलेली असेल, आणि तिथे ती चाखून बघायला मी नसेन. उत्तर कुठवर पोचलं ते पाहणं सोपं असतं. मूल तिथवर कसं आलं आणि कुठे थांबलं, हे पाहायचं तर शेजारी बसून वाचावं लागतं. आमच्या विषयाची परीक्षा म्हणतात ती हीच."

गाडीवानाची गोष्ट व्यापाऱ्याला पटली. मग त्याने सगुणाला जवळ बोलावले.

"पोरी, 'सांगता येत नाही' म्हणून तू तशीच बसून राहणार होतीस?"

"नाही शेठजी," ती खाली बघत म्हणाली. "गुरुजी घाटाखालचे. त्यांनाच विचारायला उठत होते. तेवढ्यात दादांनी टाळी वाजवली."

शिष्याने डोळे मिटून घेतले. त्या टाळीने नेमके काय तोडले होते, ते त्याला आता कळले.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट उतरली तेव्हा तिच्यात धान्याची रिकामी पोती होती आणि ती शाल. शिष्याला शालीचे वाईट वाटले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ग्रंथशाळाही अजून वर्षभर गुरुजींकडेच राहायची होती. पण त्या सकाळी त्याने सगळ्या पाट्यांवरचे गुण पुसले, मुलांना पुन्हा तीच पुस्तके दिली आणि पहिल्या मुलाच्या शेजारी मांडी घालून बसला. पहिली ओळ वाचून त्याने विचारले, "हे तुला कुणी सांगितलं? आणि त्याला कुणी सांगितलं?" दुपारपर्यंत त्याच्या जेमतेम चार पाट्या वाचून झाल्या होत्या.

मुलांच्या उत्तरावर बरोबरची खूण करण्याआधी आपणही एवढेच स्वतःला विचारावे, की याच्या भरवशावर आपण घास तोंडात घातला असता का.